इंडक्शन : दिवस भरल्यावर कळा आणण्याच्या पद्धतींचं परीक्षण

‘तारीख झाली, कळा नाहीत. उद्या ॲडमिट व्हा, औषध ठेवू.’ या एका वाक्यात तीन निर्णय असतात: कोणत्या दिवशी, कोणत्या औषधाने आणि त्यानंतर किती तास वाट बघायची. बाईला विचारलं जातं ते फार तर पहिल्याबद्दल. उरलेले दोन परस्पर ठरतात, आणि बाळंतपण कसं पार पडेल हे बरंचसं त्या दोनांवरच अवलंबून असतं. म्हणून इथे इंडक्शनकडे एक सेवा म्हणून पाहिलं आहे: तिच्यात काय काय येतं, कोणती पद्धत कुणाला चालते, कुठे बिघडतं.

आमचं मत आधीच सांगतो. तारीख पक्की असेल आणि ४१ आठवडे पूर्ण झाले असतील तर इंडक्शन घ्यावं. ३९ आठवडे पूर्ण झालेल्या निरोगी पहिलटकरणीने स्वतःहून मागितलं तर त्यातही चूक नाही, मात्र लेबर रूमकडे दीड-दोन दिवस थांबण्याची तयारी हवी. ३९ च्या आत, वैद्यकीय कारण नसताना, कुणाच्याही सोयीसाठी नको.

आधी तारीख

सगळा हिशोब तारखेवर उभा आहे आणि तीच पुष्कळदा कच्ची असते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात, तेव्हा पाळी २८ दिवसांची धरलेली असते. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचं बीज साधारण आठवडाभर उशिरा सुटतं. कागदावर तिचे ४१ आठवडे भरतात तेव्हा बाळाचे खरे ४० च झालेले असतात. अशा बाईला ‘दिवस उलटले’ म्हणून औषध ठेवलं, तर तयार नसलेल्या गर्भाशयाशी झगडा सुरू होतो.

यावर उपाय म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. त्यात बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात आणि तिच्यावरून काढलेली तारीख सगळ्यांत भरवशाची असते. ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या सोनोग्राफीची तारीख आणि पाळीची तारीख यांच्यात ७ दिवसांहून जास्त फरक निघाला, तर सोनोग्राफीची तारीख धरायची आणि मग ती शेवटपर्यंत बदलायची नाही. आठव्या-नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर मशीन बाळाच्या आकारावरून आणखी एक तारीख छापतं. तिच्याकडे बघून दिवस मोजू नयेत, कारण त्या टप्प्यावर चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. फाइलमधला सगळ्यांत जुना सोनोग्राफी रिपोर्ट काढून त्यावरची तारीख डॉक्टरांसमोर ठेवणं, ही इंडक्शनची खरी पहिली पायरी आहे.

आणि ठरलेल्या तारखेलाच होणारी बाळंतपणं वीसात एखादंच असतं. तारीख गेली एवढ्यावरून काही बिघडलं असं होत नाही.

कोणत्या आठवड्यात किती फायदा

इथे अभ्यास चांगले झालेले आहेत, त्यामुळे मोघम बोलायची गरज नाही. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात ३४ चाचण्यांमधल्या २१,००० हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. दिवस भरत आल्यावर किंवा उलटल्यावर ज्यांना कळा आणल्या त्यांच्यात बाळ दगावण्याच्या ४ घटना घडल्या, ज्या थांबल्या त्यांच्यात २५. एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे ५४४ जणींना इंडक्शन करावं लागतं, असा त्याचा हिशोब निघाला. सिझरचं प्रमाण इंडक्शनच्या गटात वाढलं नाही, उलट किंचित कमी होतं. स्वीडनमध्ये ४१ आणि ४२ आठवड्यांची तुलना करणारी चाचणी २,७६० स्त्रियांवरच थांबवावी लागली, कारण थांबलेल्या गटात ६ बाळं गेली आणि ४१ ला इंडक्शन केलेल्या गटात एकही नाही. जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर इंडक्शनची शिफारस करते ती याच कारणाने. वार जसजशी जुनी होते तसतसं बाळाला होणारा पुरवठा आणि भोवतीचं पाणी घटू शकतं. धोका एकंदरीत लहानच असतो, पण ४१ नंतर तो दर दिवसाने चढत जातो.

३९ आठवड्यांचं प्रकरण वेगळं आहे. अमेरिकेतल्या ‘अराइव्ह’ या २०१८ च्या चाचणीत ६,१०६ निरोगी पहिलटकरणी होत्या. ३९ व्या आठवड्यात इंडक्शन केलेल्यांत सिझर १८.६ टक्के, थांबलेल्यांत २२.२ टक्के. गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाचे त्रास ९.१ विरुद्ध १४.१ टक्के. बाळाच्या गंभीर त्रासांत मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक दिसला नाही. आणखी एक आकडा क्वचितच सांगितला जातो: इंडक्शनवाल्या लेबर रूममध्ये साधारणपणे २० तास होत्या, थांबलेल्या १४ तास.

या चाचणीचा दाखला देऊन सरसकट ३९ ला बोलावणाऱ्यांना एक विचारावं. तिथे प्रत्येकीची तारीख सुरुवातीच्या सोनोग्राफीने पक्की केलेली होती आणि इंडक्शन फसलं असं ठरवण्याआधी पुरेसा वेळ दिला जात होता. हे दोन्ही जिथे होत नाही, तिथे तोच निकाल मिळेल असं धरून चालता येत नाही.

वैद्यकीय कारण असेल तर हा वाद उरत नाही. ३७ आठवड्यांनंतर रक्तदाब वाढलेला असणं, इन्सुलिनवरचा मधुमेह, पाणी जाऊनही कळा न येणं, बाळाची वाढ खुंटणं, पित्ताचं आम्ल वाढून अंगाला सुटणारी खाज, या प्रत्येकाचं आपापलं वेळापत्रक आहे आणि ते तारखेची वाट बघत नाही. ‘बाळ मोठं दिसतंय’ एवढंच कारण मात्र कच्चं आहे. सोनोग्राफीतलं वजन १० ते १५ टक्के इकडेतिकडे होतं. साडेतीन किलोचा अंदाज असेल तर खरं वजन तीन किलोही भरू शकतं.

गर्भाशयाचं तोंड

औषध कोणतं वापरायचं हे आतल्या तपासणीवरून ठरतं. बिशप स्कोअर १९६४ पासून वापरात आहे आणि अजूनही त्याला चांगला पर्याय नाही. पाच गोष्टी बघतात: तोंड किती सेंटिमीटर उघडलंय, किती आखूड झालंय, मऊ आहे की घट्ट, मागे वळलेलं आहे की पुढे आलंय आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय. एकूण गुण १३. हाताला कसं लागतं तेही सांगतो: तयार नसलेलं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट लागतं, तयार झालेलं ओठासारखं मऊ. स्कोअर ८ किंवा त्याहून जास्त असेल तर इंडक्शन जवळपास आपसूक आलेल्या कळांसारखंच चालतं. ६ किंवा कमी असेल तर आधी तोंड तयार करावं लागतं, आणि त्यातच पहिले १२ ते २४ तास जातात. तोंड घट्ट असताना थेट कळांचं सलाइन लावणं ही या सेवेतली सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. दिवसभर कळा सोसून तोंड जागचं हलत नाही, आणि मग ‘प्रगती नाही’ म्हणून सिझर होतं.

स्कोअर किती आला हे विचारा आणि फाइलमध्ये लिहिलेला आहे ना ते बघा. आकडा सांगता येत नसेल तर पद्धतही विचार करून निवडलेली नाही असं समजायला हरकत नाही.

एकेक पद्धत

मेंब्रेन स्वीप. यात औषध नाही. आतल्या तपासणीच्या वेळी बोट तोंडातून आत घालून गोल फिरवतात, पाण्याची पिशवी गर्भाशयाच्या खालच्या भागापासून सुटी होते आणि शरीर स्वतःच प्रोस्टाग्लँडिन (तोंड मऊ करणारं, कळा आणणारं द्रव्य) सोडतं. शंभरात ६० जणींना आपोआप कळा येणार असतील तर स्वीपनंतर साधारण ७२ जणींना येतात. दुखतं, थोडं रक्त लागतं, रात्रभर अनियमित कळा येऊन झोप मोडते. तोंड बोटभर उघडलेलं नसेल तर करताच येत नाही. ३९ नंतर बाईची परवानगी घेऊन करायला उत्तम. न सांगता, नेहमीच्या तपासणीच्या नावाखाली करून टाकणं हा मात्र अपराधच आहे. तसं झालं असेल तर तक्रार करावी.

फोलीचा फुगा. लघवीसाठी वापरतात तीच नळी, १६ किंवा १८ नंबरची. ती तोंडातून आत सरकवून टोकाचा फुगा ३० ते ६० मिली सलाइनने भरतात आणि नळी किंचित ताणून मांडीला चिकटवतात. फुगा आतून दाबत राहतो, तोंड हळूहळू उघडतं आणि ३-४ सेंटिमीटर झालं की फुगा आपोआप बाहेर पडतो, बहुधा १२ तासांच्या आत. मोठा गुण असा की कळांचा भडिमार होत नाही, बाळाच्या ठोक्यांवर फारसा ताण येत नाही आणि आधी सिझर झालेल्या बाईलाही चालतो. पाण्याचा भरवसा असलेली जुनी विहीर जशी, तशी ही पद्धत आहे. दोष इतकाच की फुगा पडला म्हणजे कळा सुरू झाल्या असं नाही. पुढे सलाइन बहुतेकदा लागतंच. फुग्यामुळे डोकं वर सरकलेलं असू शकतं, म्हणून नंतर पाण्याची पिशवी फोडण्याआधी डोकं पुन्हा तपासायलाच हवं. वार खाली असेल तर हा मार्ग बंद.

डायनोप्रोस्टोन जेल. अर्धा मिलिग्रॅम औषधाची तयार सिरिंज, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. ठेवल्यावर १५ ते ३० मिनिटं पडून राहायचं, ६ तासांनी पुन्हा तपासणी, २४ तासांत जास्तीत जास्त तीन वेळा. बराच वेळ फ्रिजबाहेर राहिलेल्या सिरिंजचा भरवसा नाही; जेल ‘लागू पडलं नाही’ असं म्हणण्याआधी ते कसं साठवलं होतं हे विचारण्यासारखं आहे. दुसरी उणीव म्हणजे आत गेलेलं जेल परत काढता येत नाही. याच औषधाची १० मिलिग्रॅमची पट्टीसारखी वडी मिळते, तिला दोरी असते. कळा अंगावर आल्या तर दोरी ओढून ती काढता येते. दोन्ही उपलब्ध असतील तर आमची पसंती दोरीवालीला.

मिसोप्रोस्टॉल. स्वस्त, बाहेर टिकणारं, परिणामकारक आणि मात्रा चुकली तर धोकादायक. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मात्रा २५ मायक्रोग्रॅम आहे: गिळून दर २ तासांनी किंवा योनीमार्गातून दर ६ तासांनी. गोळी मात्र बऱ्याच ठिकाणी २०० मायक्रोग्रॅमची असते आणि ब्लेडने तिचे आठ तुकडे करतात. ती कापताना पाहिली तर अडचण लगेच कळते: कडेचा तुकडा जाड, मधला चुरा, एकात मात्रा कमी तर दुसऱ्यात जवळपास दुप्पट. तयार २५ ची गोळी नसेल तर २०० ची एक गोळी २०० मिली पाण्यात पूर्ण विरघळवावी, म्हणजे एका मिलीत एक मायक्रोग्रॅम होतं. दर वेळी ढवळून त्यातलं मोजून २५ मिली प्यायला द्यावं आणि उरलेलं २४ तासांनी टाकून द्यावं. हे करायला लागते एक बाटली आणि एक मोजमाप, त्यामुळे तुकड्यांचं समर्थन करायला जागा उरत नाही. थंडी वाजणं, ताप, जुलाब हे त्रास होतात. शेवटच्या मात्रेनंतर किमान ४ तास कळांचं सलाइन लावायचं नाही. आधी सिझर झालं असेल तर ही गोळी इंडक्शनसाठी नकोच.

एरंडेलाबद्दल एवढंच: जुलाब आणि मळमळ नक्की, कळांची खात्री नाही. थकून, पाणी कमी होऊन लेबर रूममध्ये पोचण्यात शहाणपण नाही.

पाण्याची पिशवी फोडणं

तोंड मऊ आणि थोडं उघडलेलं, डोकं खाली टेकलेलं असेल तरच. डोकं वर तरंगत असताना फोडली तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली येऊ शकते, आणि मग मिनिटांचा खेळ होतो. फोडल्याबरोबर बाळाचे ठोके ऐकायचे, पाण्याचा रंग बघायचा. हिरवट असेल तर बाळाने आत शी केली आहे. एकदा पिशवी फुटली की परतीची वाट नाही, संसर्गाचं घड्याळ सुरू होतं. दोन सेंटिमीटरवर ‘लवकर उरकावं’ म्हणून पिशवी फोडायला सुचवलं, तर डोकं कुठे आहे हे विचारून मगच हो म्हणावं.

कळांचं सलाइन

ऑक्सिटोसिन. सगळ्यांच्या ओळखीचं आणि सगळ्यांत निष्काळजीपणे वापरलं जाणारं. हिशोब समजून घ्या, अवघड नाही. ५०० मिलीच्या बाटलीत ५ युनिट घातले की एका मिलीत १० मिलियुनिट होतात. सुरुवात मिनिटाला १ ते २ मिलियुनिटने करतात. २ मिलियुनिट म्हणजे तासाला १२ मिली. २० थेंबांना एक मिली पडणाऱ्या साध्या सेटवर ते मिनिटाला फक्त ४ थेंब होतात. चार थेंबांचा वेग हाताच्या चाकाने राखणं जवळपास अशक्य: बाई कुशीवर वळली, हात वाकला, की वेग बदलतो. म्हणून पंप हवा. पंप नसेल तर थेंब मोजायला माणूस हवा, दर काही मिनिटांनी आणि घड्याळ हातात धरून.

मात्रा ३० मिनिटांच्या आत वाढवू नये, कारण आधीच्या वेगाचा पूर्ण परिणाम दिसायलाच तेवढा वेळ लागतो. लक्ष्य १० मिनिटांत ३ ते ४ कळा, प्रत्येक ४० ते ६० सेकंदांची. तेवढ्या आल्या की थांबायचं. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या तर दोन कळांमध्ये बाळाला रक्त मिळायला उसंतच राहत नाही, ठोके घसरतात. तेव्हा सलाइन बंद, बाईला डाव्या कुशीवर, रक्तदाब बघायचा, गरज पडली तर गर्भाशय सैल करणारं टर्ब्युटालिन २५० मायक्रोग्रॅम त्वचेखाली. ऑक्सिटोसिनचा असर काही मिनिटांत ओसरतो, ही त्याची सगळ्यांत चांगली बाजू आहे.

याचीच दुसरी बाजू फार थोड्यांच्या लक्षात राहते. तासन्‌तास चालू राहिलेल्या ऑक्सिटोसिनला गर्भाशय हळूहळू दाद देईनासं होतं. त्यामुळे लांबलेल्या इंडक्शननंतर, बाळ बाहेर आल्यावर, गर्भाशय नीट आवळत नाही आणि रक्त जास्त जाऊ शकतं. अशा बाळंतिणीसाठी रक्तस्राव थांबवणारी दुसरी औषधं ट्रेमध्ये आधीच काढून ठेवलेली हवीत. ‘इंडक्शन लांबलं तर रक्तस्रावाची तयारी काय?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगल्या लेबर रूमला त्याचं उत्तर तोंडपाठ असतं.

‘फेल’ कधी म्हणायचं

संध्याकाळी जेल, सकाळी सलाइन, दुपारी ‘तोंड उघडत नाही, सिझर करू’. बाळाचे ठोके उत्तम आणि बाई ठीक असताना हा क्रम मान्य करू नये. खऱ्या वेगाने प्रगती ६ सेंटिमीटरनंतर सुरू होते. त्याआधीच्या संथ टप्प्याला २४ तास किंवा त्याहून जास्तही लागू शकतात. पिशवी फुटल्यावर किमान १२ ते १८ तास ऑक्सिटोसिन दिल्याशिवाय इंडक्शन फसलं असं म्हणू नये, ही अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांची २०१४ पासूनची भूमिका आहे आणि आम्हाला ती पटते. बाळाचे ठोके बिघडले, ताप आला किंवा रक्त गेलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा तासांचा हिशोब बाजूला ठेवून सिझर करायचंच.

एवढे तास काढायचे तर तोंड तयार होण्याच्या काळात बाईला जेवू द्यावं, चालू द्यावं, झोपू द्यावं. उपाशी, पाठीवर, पट्ट्यांनी बांधून ठेवलेली बाई रात्र उलटायच्या आत स्वतःच ‘काढा एकदाचं’ म्हणते, आणि मग त्याला तिचा निर्णय म्हटलं जातं. पिशवी फुटल्यावर आतल्या तपासण्याही मोजक्याच हव्यात, दर तासाला नकोत. प्रत्येक तपासणीबरोबर संसर्गाची शक्यता वाढते. वेदना कमी करण्याची सोय काय आहे हे दाखल होण्याआधी विचारा. ऑक्सिटोसिनच्या कळा आपसूक येणाऱ्या कळांपेक्षा लवकर जोर धरतात आणि अंगाला सवय व्हायला वेळ मिळत नाही.

आधी सिझर झालं असेल तर

इथे सगळा हिशोब बदलतो, कारण जुना टाका उसवण्याचा धोका असतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आपसूक कळा आलेल्यांत हे प्रमाण हजारी ५.२ होतं, प्रोस्टाग्लँडिनशिवाय इंडक्शन केलेल्यांत ७.७ आणि प्रोस्टाग्लँडिन (डायनोप्रोस्टोन, मिसोप्रोस्टॉल यांच्या गटातली औषधं) वापरलेल्यांत २४.५. म्हणजे फोलीचा फुगा आणि जपून दिलेलं सलाइन यांचा विचार होऊ शकतो, तोही तातडीच्या ऑपरेशनची सोय दाराशी असेल तिथेच. गर्भाशयावर उभा टाका असेल, वार तोंडावर असेल किंवा बाळ आडवं असेल, तर इंडक्शनचा विषयच नाही.

थांबायचं ठरवलं तर

थांबणं म्हणजे घरी बसून राहणं नव्हे. ४१ पासून आठवड्यातून दोनदा एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख) आणि पाण्याची तपासणी. पाणी मोजताना सगळ्यांत खोल कप्पा २ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर थांबणं संपलं. एक सावधानता: चारही बाजूंची बेरीज करून काढलेला आकडा आणि एका खोल कप्प्याचं माप यांत बेरजेच्या पद्धतीने ‘पाणी कमी’ असा निष्कर्ष जास्त वेळा निघतो आणि नको तेवढी इंडक्शन होतात, म्हणून रिपोर्टवर कोणतं माप लिहिलंय ते बघा.

शेवटी शेवटी बाळ कमी हलतं, कारण जागा उरत नाही, हे ऐकून घेऊ नका. हालचालीची तऱ्हा बदलते. संख्या कमी व्हायला नको. नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, तपासायला जायचं. कालची एनएसटी चांगली होती म्हणून आजचा दिवस ढकलायचा नाही.